लोणारच्या विवराचे ड्रोनद्वारा उंचीमापन

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील विवर हे दख्खनच्या काळ्या पाषाणात अशनीच्या आघाताने निर्माण झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून सरोवराच्या पातळीपर्यंतची खोली साधारणतः १३५ मीटर भरते. सी. जे. ई. अलेक्झांडर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली ह्या स्थळाची नोंद केली. योगायोग असा की, त्याच वर्षी भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभकर्ता विल्यम लॅम्बटन विदर्भातच, हिंगणघाट येथे निवर्तला. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. आज पदव्युत्तर विद्यार्थी कार्यप्रशिक्षणासाठी दोन किलोंहून हलके ड्रोन घेऊन अशा स्थळी जाऊ शकतो आणि काही तासांत शेकडो छायाचित्रे टिपू शकतो. त्या छायाचित्रांवरून तयार होणारा नकाशा कितपत विश्वसनीय मानावा, हा येथे विवेच्य विषय आहे.

पहिली अडचण उड्डाणाच्या उंचीची. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील एका बिंदूचा आकार २.४ मायक्रॉन आणि भिंगाचे नाभ्यंतर ८.८ मिलिमीटर धरल्यास, १०० मीटर उंचीवरून घेतलेल्या छायाचित्रातील एक बिंदू जमिनीवरील सुमारे २.७ सेंटिमीटर अंतर दर्शवितो. परंतु विवराच्या काठावरून १०० मीटर वर चढलेले ड्रोन त्याच पातळीवर आत गेले, तर तळ त्याच्याखाली २३५ मीटर राहतो आणि तोच बिंदू ६.४ सेंटिमीटरांचा होतो. एकाच नकाशाच्या दोन भागांची सूक्ष्मता अशी निराळी होते. उलटपक्षी, सरोवराच्या तीरावरून १२० मीटर चढलेले ड्रोन काठाच्या पातळीसही पोहोचत नाही. ते उतारावर आदळण्याचाच संभव अधिक. म्हणून भूपृष्ठाच्या चढउतारास अनुसरून उड्डाणमार्ग आखावा लागतो. हा परिसर अभयारण्य असल्याने वनविभागाची अनुज्ञा आधी मिळवावी लागते, हे सांगणे नलगे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. छायाचित्रमितीत एकाच स्थळाची परस्परव्यापी छायाचित्रे (साधारणतः पुढेमागे ७५ ते ८० टक्के व्याप्तीची) जुळवून उंची काढतात आणि भिंगातील विकृतीही त्याच गणिताने ठरवितात. सर्व छायाचित्रे सरळ खाली पाहून घेतलेली असली, तर ह्या गणितात राहिलेला किंचित दोष संपूर्ण भूपृष्ठास घुमटाचा किंवा वाडग्याचा बाक देतो. सपाट माळावर असा बाक ताबडतोब नजरेत भरतो. लोणार मुळातच वाडग्याच्या आकाराचे असल्याने तेथे दोष आणि वस्तुस्थिती ह्यांचे रूप एकच होऊन बसते! एतदर्थ काही छायाचित्रे तिरप्या रोखाने घ्यावी लागतात. भूनियंत्रण बिंदू काठावर, उतारावर आणि तळाशीही असावे लागतात. शिवाय काही बिंदू गणितात मुळीच न वापरता केवळ पडताळणीसाठी राखावे लागतात. काठावरची गाडीवाट सोडून खाली उतरण्याचा कंटाळा केल्यास तो पुढे नकाशात उमटतो.

विवराच्या अंतर्भागात दाट झाडी आहे. कॅमेरा झाडांचे शेंडे पाहतो, जमीन पाहत नाही. लेसर-संवेदकाचे काही किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परततात, म्हणून उतारांसाठी ते साधन श्रेयस्कर ठरते. पाण्यापुढे मात्र दोन्ही उपकरणे निरुपयोगी होतात. हलत्या पृष्ठावर जुळविण्याजोग्या स्थिर खुणा नसतात आणि भूमापनातील नेहमीचा अवरक्त लेसर पाण्यात शोषला जातो. तळाची खोली नावेतून प्रतिध्वनिमापकानेच घ्यावी लागते.

उपग्रहाधिष्ठित उपकरण उंची देते ती गणिती लंबवर्तुळाभापासूनची होय, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. महाराष्ट्रात ह्या दोहोंतील अंतर पन्नास मीटरांहून अधिक आहे. जुन्या नकाशावरील समोच्चरेषांशी तुलना करताना हे रूपांतर विसरले गेले, तर सगळे लोणार एका रात्रीत खचल्याचा निष्कर्ष निघेल.

ह्या काटेकोरपणाचे येथे विशेष प्रयोजन आहे. आघाताने उसळून बाहेर पडलेल्या खडकांचा थर काठाभोवती पसरलेला आहे. त्यावर शेते आहेत, आणि लोणार गावही काठालगतच वसले आहे. शेत सपाट करताना, विहीर खणताना वा घराचा पाया घेताना तो थर हलतो, आणि एकदा हललेला थर पुन्हा मूळ स्थितीत अभ्यासता येत नाही. ईशान्येस धारेच्या प्रवाहाने काठ कोरून आत गाळाचा पंखा पसरविला आहे. तोही बदलता आहे. मात्र दोन सर्वेक्षणांत प्रत्येकी १० सेंटिमीटर प्रमाणदोष असेल, तर त्यांच्या फरकाचा प्रमाणदोष सुमारे १४ सेंटिमीटर होतो आणि ९५ टक्के निश्चितीसाठी बदल किमान २८ सेंटिमीटरांचा असावा लागतो. पंधरा सेंटिमीटर खोल झालेली घळ अशा तुलनेत सिद्ध होत नाही.

तेव्हा प्रशिक्षणार्थ्याने रंगीत नकाशासोबत पडताळणी-बिंदूंवरील दोषांचा तक्ता जोडणे अगत्याचे आहे. अनुज्ञा असेल तेथे भूनियंत्रणाच्या पक्क्या खुणा रोवून, त्यांची वर्णने व निर्देशांक विभागात जपून ठेवावेत, म्हणजे पुढील वर्षीच्या तुकडीस त्याच दगडावर उपकरण उभे करता येईल.