सहा फुटांचा एक इंच

चेंबूरहून हार्बर लाइनने सीएसएमटीकडे निघालो, की रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना लागतो. जुनी जहाजे तोडण्याच्या या जागी 2014 च्या अखेरीस ‘आयएनएस विक्रांत’वर गॅस कटर चालू लागले. 1961 मध्ये बेलफास्टला भारतीय नौदलात दाखल झालेली, 1997 मध्ये निवृत्त झालेली आणि पुढे काही वर्षे मुंबईकरांनी संग्रहालय म्हणून डोळे भरून पाहिलेली ही विमानवाहू नौका भंगारात गेली. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजच्या मोटरसायकलींत उतरला. तिच्या डेकवरून 1971 च्या युद्धात झेपावलेले ‘सी हॉक’ हे जेट लढाऊ विमान जवळून पाहायचे, तर गोव्यात दाबोळीच्या नौदल हवाई संग्रहालयात जावे लागते. नाही तर ते घरी, खिडकीजवळच्या टेबलावर स्वतःच्या हातांनी घडवावे लागते. हा लेख त्या दुसऱ्या वाटेचा आहे.

अशा मॉडेलचे सर्वांत रुळलेले प्रमाण म्हणजे 1:72. त्याचा हिशेब फूट-इंचांतला आहे: सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्स’च्या लाकडी संचांनी हे प्रमाण रुजवले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी याच प्रमाणात हजारो लाकडी विमाने कोरून सैन्याला दिली. 35 फुटांवर धरलेले मॉडेल अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते, म्हणून शत्रूचे कोणते आणि आपले कोणते हे ओळखायला तोफचींना त्यांवर शिकवत. आज खेळणे वाटणारी ही वस्तू त्या काळी युद्धसाहित्य होती.

खरे सी हॉक 12.09 मीटर लांब, पंखांचा विस्तार 11.89 मीटर. 1:72 मध्ये ते जेमतेम 17 सेंटिमीटरचे होते, तळहातावर बसते. 1:48 घेतले तर 25 सेंटिमीटर. ‘हॉबी बॉस’ने लहान आणि ‘ट्रम्पेटर’ने मोठ्या प्रमाणात याचे प्लॅस्टिक संच काढले आहेत.

पेटीतले सुटे भाग पहिल्यांदा एकमेकांना लावून पाहताना एक गोष्ट चक्रावून टाकते: या जेट विमानाच्या शेपटीला धुराड्याचे तोंडच नाही. सिडनी कॅम यांनी, म्हणजे ‘हरिकेन’च्याच रचनाकाराने, इंजिनाची एकच नळी मागे दोन फाट्यांत विभागली आणि प्रत्येक फाटा पंखाच्या मुळाशी, धडाच्या बाजूला बाहेर काढला. आत रोल्स-रॉइसचे ‘नीन’ इंजिन होते. त्याचा सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर हवा बाहेरच्या दिशेने फेकतो, त्यामुळे इंजिन आखूड आणि चांगलेच जाड. ते धडाच्या मध्यभागीच बसवावे लागले. तिथून शेपटीपर्यंत लांबलचक नळी नेली असती तर जोर वाया गेला असता आणि मागची सगळी जागाही गेली असती. नळी दुभंगली आणि मागच्या पोटात इंधनाची टाकी बसली. समुद्रावरून उडणाऱ्या विमानाला इंधन म्हणजे परतीची हमी. (याच नीन इंजिनाची नक्कल करून रशियाने ‘आरडी-45’ बनवले आणि सुरुवातीच्या ‘मिग-15’मध्ये बसवले.)

आता मॉडेलकाराची अडचण पाहा. हवा आत घेणारी तोंडे पंखांच्या मुळाशी पुढे आणि धूर सोडणारी तोंडेही पंखांच्या मुळाशी मागे. म्हणजे पंख, धड, आत जाणारी वाट आणि बाहेर येणारी नळी, असे सगळे सांधे एका जागी येतात. इथेच फट राहते, इथेच पॉलिश पेपर पोचत नाही. माझे ठाम मत आहे की मॉडेल करताना हात जिथे अडतो, तिथे खऱ्या विमानाचा रचनाकारही कधीतरी अडलेला असतो, आणि त्याने काय तोड काढली हे तो सांधा बसवताना जसे कळते तसे पुस्तकातल्या आकृतीवरून कळत नाही.

प्लॅस्टिकचा हा गोंद चिकटवत नाही, विरघळवतो. पॉलिस्टायरीनच्या दोन्ही कडा क्षणभर मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की एकच तुकडा उरतो. सांध्यावर उरलेली खाच लांबी भरून, सुकल्यावर वॉटर पेपरने पाणी लावत घासायची. 0.2 मिलिमीटरची खाच दिसायला काहीच नाही, पण 72 ने गुणली की खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची भेग होते. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली, तर ती खऱ्या पंखावर साडेतीन सेंटिमीटर! उलट, नाकाखालच्या चार 20 मिमी तोफांची तोंडे कोरायची तर भोक हवे पाव मिलिमीटरच्या आसपास. कॉकपिटच्या पारदर्शक भागाला मात्र फेव्हिक्विक लावू नये, त्याच्या वाफेने काच कायमची धुरकटते. तिथे साधे पांढरे फेव्हिकॉलच चांगले.

या विमानाचे तिसरे चाक नाकाखाली आहे. त्यामुळे पोकळ मॉडेल हमखास शेपटीवर बसते. नाकात वजन भरावे लागते, आणि ते धड जोडण्याआधीच. मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या यासाठी उत्तम, आणि चेंबूरकरांना ट्रॉम्बे-माहूलचे कोळीवाडे काही लांब नाहीत.

भारतीय सी हॉक करणाऱ्याला आणखी एक कोडे सोडवावे लागते. ‘व्हाइट टायगर्स’ म्हणजे 300 क्रमांकाच्या नौदल स्क्वाड्रनकडची बरीच विमाने ब्रिटनहून आली होती, पण 28 पुढे जर्मनीकडून घेतली. जर्मन नौदलासाठी बनलेल्या विमानांची उभी शेपटी अधिक उंच होती. म्हणून आधी एखाद्या ठरावीक विमानाचा फोटो मिळवायचा, त्याचा क्रमांक वाचायचा, शेपटी पाहायची आणि मगच संच निवडायचा. अंदाजाने केलेले विमान कुठल्याच आकाशात उडालेले नसते.

1971 मध्ये या विमानांनी काय केले, ते त्या नौकेची अवस्था पाहिल्याशिवाय समजत नाही. विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे तिचा वेग घटला होता. विमानवाहू नौका वाऱ्याला सामोरी धावते ती डेकवर समोरून वारा मिळावा म्हणून. वेग कमी, तर वारा कमी आणि उड्डाणाचा धोका जास्त. तरीही कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली तिला बंगालच्या उपसागरात नेले गेले. 4 डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या धावपट्ट्यांवर हल्ले केले, आणि पुढचे दिवस पूर्व पाकिस्तानची बंदरे झोडपली. स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले. त्याच बंदरांच्या नाकेबंदीत ‘आयएनएस बियास’ ही युद्धनौका होती माटुंग्यात जन्मलेल्या लक्ष्मीनारायण रामदास यांच्या हाती; ते पुढे नौदलप्रमुख झाले.

रंगकाम हा चेंबूरमध्ये ऋतूंचा प्रश्न आहे. सी हॉकचा वरचा भाग गडद समुद्री करडा, पोट ‘स्काय’ नावाच्या फिकट हिरवट छटेचे. जुलै-ऑगस्टात एअरब्रशने लॅकर मारला, तर या करड्यावर पांढुरका बुरसा धरल्यासारखा थर येतो. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या रंगावरच जमते. पावसाळ्यात सांधे भरावेत, घासावेत आणि रंग दिवाळीनंतर काढावा, हा खरा शहाणपणा. करड्यात किंचित पांढरा मिसळावा असेही मी म्हणेन. मोठे विमान आपण दुरून, मधल्या हवेतून पाहतो, त्यामुळे त्याचा रंग फिका दिसतो. नेमकी तीच गडद छटा सतरा सेंटिमीटरवर काळी भासते.

चक्रे आणि अक्षरे पाण्यात भिजवून सरकवायच्या डिकॅलनी लागतात. खरखरीत मॅट रंगावर ती लावली तर खाली हवा अडकते आणि पापुद्रा चंदेरी चमकतो. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, मग डिकॅल, मग ते मऊ करणारे द्रावण. त्याने पापुद्रा सुरकुततो, घाबरायला होते, पण हात लावायचा नाही. सुकताना तो आपोआप ताणला जाऊन खाचांत बसतो. भारतीय चक्राचा मधला ठिपका हिरवा, भोवती पांढरे, बाहेर केशरी. घरी छापलेल्या डिकॅलच्या केशरीखाली पांढऱ्याचा थर नसेल, तर गडद करड्यावर तो तपकिरी दिसतो.

शेवटचा निर्णय पंखांचा. सी हॉकचे पंख डोक्यावर घडी होत आणि जवळपास बारा मीटरचे विमान चार मीटरवर येई, म्हणूनच ते हँगरमध्ये मावत असे. मॉडेलचे पंख सरळ ठेवले तर विमान उड्डाणाच्या तयारीतले दिसते; घडी केले तर बिजागरीच्या उघड्या कडांमधला सगळा तपशील तारेच्या तुकड्यांनी उभा करावा लागतो. मी घडीच्या बाजूचा आहे. अशा विमानाला डेक हवाच, पण 1:72 मध्ये पूर्ण विक्रांत जवळजवळ तीन मीटरची होईल. चेंबूरच्या वन-बीएचकेत तिला भिंत द्यावी लागेल. त्यामुळे बहुतेक जण पायरीएवढी पाटी घेतात, तिच्यावर वाफेच्या कॅटापुल्टची खाच आणि विमान बांधायच्या कड्या कोरतात, आणि नाकाचे चाक त्या खाचेच्या रेषेत ठेवतात.