अल्कधर्मी पाणी, अल्कधर्मी खडक

वाशीम जिल्ह्यातील शिक्षकांशी खडकांविषयी बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास येतो : “लोणारचे पाणी अल्कधर्मी आहे, मग तिथला खडकही अल्कधर्मी असणार ना?” लोणार बुलढाणा जिल्ह्यात असले तरी रिसोडहून जवळच आहे, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर ‘नाही’ असे आहे. असे का, ते पाहू.

लोणारच्या पाण्यात लाल लिटमस निळा होतो. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. कारण त्यात सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट विरघळलेले आहे. भोवतालचा बेसॉल्ट झिजताना थोडेथोडे सोडियम सुटते आणि पाण्याबरोबर सरोवरात येते. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेते, क्षार मागे राहतात. मूळ खडकात मात्र सोडियम व पोटॅशियमची ऑक्साइडे मिळून शेकडा ३ च्या आसपासच असतात. वाशीममध्ये विहीर खणताना लागणारा काळा पाषाणही याच दख्खनच्या बेसॉल्टचा.

खडकाला अल्कधर्मी म्हणताना लिटमस कामाचा नाही; तिथे हिशेब पाहावा लागतो. शिलारस थंड होताना सोडियमला अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिका यांची जोड मिळून खनिजे बनतात. अल्बाइट या फेल्स्पारमध्ये सोडियमच्या एका अणूमागे सिलिकॉनचे तीन अणू लागतात, नेफेलीनमध्ये एकच. पाहुणे कमी असतील तर प्रत्येकाला तीन पोळ्या मिळतात. पाहुणे वाढले आणि कणीक तेवढीच राहिली, तर काहींना एकीवर भागवावे लागते. सिलिकेच्या मानाने सोडियम-पोटॅशियम जास्त झाले की नेफेलीनसारखी खनिजे तयार होतात. असा खडक तो अल्कधर्मी. पोळ्या उरल्या तर? उरलेल्या सिलिकेचे क्वार्ट्झ बनते. म्हणूनच क्वार्ट्झ आणि नेफेलीन एकाच शिलारसातून शेजारी शेजारी तयार होत नाहीत.

असे खडक पाहायचे तर नर्मदेच्या उत्तरेस, नंदुरबार जिल्ह्याच्या पलीकडे, गुजरातमधील अंबाडोंगरला जावे लागेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहिला त्याच काळात, येथे वेगळा शिलारस वर आला. त्यातून नेफेलीनयुक्त खडक आणि कार्बोनेटाइट असे संकुल तयार झाले. या शिलारसाने भोवतालचा वालुकाश्म उचलला, आणि त्यातून निघालेल्या अल्कयुक्त द्रवांनी त्या वालुकाश्मात नवी फेल्स्पार खनिजे तयार केली.

कार्बोनेटाइट म्हणजे मुख्यतः कॅल्साइटचा अग्निजन्य खडक. त्यावर सौम्य आम्ल टाकले तर चुनखडीसारखाच फसफसतो. आणि अंबाडोंगरच्या परिसरात समुद्रात तयार झालेली खरी चुनखडीही आहे! फसगत व्हावी अशीच ही जागा. १९६३ मध्ये सुखेश्वाला व उदास या भूशास्त्रज्ञांनी हा खडक कार्बोनेटाइट असल्याचे दाखवले. अ‍ॅपेटाइट, मॅग्नेटाइट, नायोबियमयुक्त पायरोक्लोर अशी सोबतची खनिजे त्याची खरी ओळख पटवतात. ही ओळख कागदापुरती नाही. येथे फ्ल्युओराइटचा मोठा साठा आहे. पोलादाच्या भट्टीत आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल करण्यासाठी ते लागते. साधी चुनखडी समजून पुढे गेलेला माणूस या खनिजांचा शोध घेत बसला नसता.

नावाप्रमाणे आकारही फसवतो. अंबाडोंगरचे खडक कड्यासारखे गोलाकार मांडलेले आहेत. लोणारही गोल, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. त्यामुळे लोणारलाही पूर्वी ज्वालामुखीचे विवर समजत. आघातानेच तयार होणारी काच तेथे सापडली आणि १९७३ मध्ये ते अशनीच्या आघाताचे विवर असल्याचे सिद्ध झाले.

वर्गात एक खेळ करून पाहा. ज्वारीचे १२ दाणे म्हणजे सिलिकॉन, तुरीचे दाणे म्हणजे सोडियम. तुरीचे ४ दाणे असतील तर सगळ्यांचे अल्बाइट होते. ३ असतील तर ज्वारी उरते, म्हणजे क्वार्ट्झ. ६ दिले तर? मुलांनाच वाटणी करू द्या. ३ अल्बाइट आणि ३ नेफेलीन हे उत्तर त्यांचे त्यांना सापडेल, आणि पाणी व खडक यांना एकच विशेषण लावले तरी अर्थ वेगळा का, हेही लक्षात राहील.