बँक बंद, बाजार चालू

११ मार्च २०२३, शनिवार. एका नाण्याला एक डॉलर, या वचनावर उभे असलेले यूएसडीसी हे आभासी चलन ८८ सेंटच्याही खाली उतरले. ते काढणाऱ्या सर्कल कंपनीची गंगाजळी सुमारे ४० अब्ज डॉलरची होती. त्यातले ३.३ अब्ज होते सिलिकॉन व्हॅली बँकेत, आणि ती बँक आदल्याच दिवशी सरकारी नियामकांनी ताब्यात घेतली होती. आभासी बाजार रात्रंदिवस चालतो, पण नाणे देऊन खरा डॉलर घ्यायचा तर सोमवारी बँका उघडेपर्यंत थांबणे भाग होते. बँकांची गरजच उरणार नाही, असे सांगत जन्मलेला हा व्यवहार बँकेच्या साप्ताहिक सुट्टीत अडकला, ही मला या प्रकरणातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

धागा मागे जातो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर झपाट्याने वाढवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन वर्षभरात १६,०००च्या खाली आला आणि एफटीएक्स हे बडे एक्स्चेंज दिवाळखोर झाले. घाबरलेल्या आभासी चलन क्षेत्रातल्या कंपन्यांनी कॅलिफोर्नियातल्या सिल्वरगेट बँकेतून पैसे काढले. २०२२च्या शेवटच्या तीन महिन्यांत तिथल्या या क्षेत्राच्या ठेवी ११.९ अब्ज डॉलरवरून ३.८ अब्जांवर आल्या. त्या परत करायला बँकेला कर्जरोखे विकावे लागले. रोखे बुडीत नव्हते. पण व्याजदर चढले की कमी व्याजाच्या जुन्या रोख्यांचा भाव पडतो. ते मुदतीपर्यंत ठेवले तर पूर्ण पैसे मिळतात, मध्येच विकले तर तोटा पदरी येतो. हा तोटा ७० कोटी डॉलरहून अधिक झाला. ८ मार्चला सिल्वरगेटने कारभार गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

सिलिकॉन व्हॅली बँकेचे ठेवीदार मुख्यतः तंत्रज्ञान कंपन्या, पण दुखणे तेच. ९ मार्चला एका दिवसात तिथून ४२ अब्ज डॉलर निघून गेले.

रविवारी या बँकेतल्या सर्व ठेवी सुरक्षित असल्याची सरकारने हमी दिली आणि सोमवारी यूएसडीसी पुन्हा डॉलरजवळ पोचले. बँका कोसळत असताना बिटकॉइन मात्र चढला. शुक्रवारी २०,०००च्या खाली असलेला भाव सोमवारी २४,०००च्या वर गेला. आता व्याजदरवाढ थांबेल, असा अनेकांचा होरा होता. २२ मार्चला फेडने दर आणखी पाव टक्क्याने वाढवला.