आधी एकर, मग प्रशिक्षण

गावातल्या मुलींना आणि नव्या सुनांना शाश्वत शेती शिकवायची म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो तो हा: शिकलेलं त्या वापरणार कुठे? खुरपणी, वेचणी, काढणी ही कामं त्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. पण बियाणं कोणतं आणायचं, खत किती टाकायचं, माल कधी विकायचा, हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावची खाती जेमतेम १४ टक्के निघाली.

मराठवाड्यात यावर एक व्यवहारी तोड निघाली. १९९३ च्या भूकंपानंतर गावं पुन्हा उभी करताना प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने बायकांना पुढे आणलं. पुढे दुष्काळांनी रान भाजून काढलं, तेव्हा याच संस्थेने ‘एक एकर’ शेती रुजवली. घरच्यांकडून अर्धा ते एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात काय पेरायचं ते तिनेच ठरवायचं. बाकीच्या रानात सोयाबीन, ऊस काय असेल ते चालू दे. या तुकड्यात ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, कडेला भाजीपाला. पावसाने ओढ दिली तरी त्यातलं एखादं पीक तगतं आणि डाळ-भाजी घरची मिळते. तोटा झालाच तर एकरापुरता, म्हणून सासरेही फार अडून बसत नाहीत. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

हाताशी एवढं रान आलं की शिकण्याला अर्थ येतो. उदाहरणार्थ, बाकीच्या रानातल्या सोयाबीनच्या उगवणशक्तीची चाचणी घ्या. घरच्या बियाण्यातले सरसकट शंभर दाणे मोजायचे, निवडून चांगले तेवढे घ्यायचे नाहीत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची. पाच-सहा दिवसांनी उलगडून धडधाकट कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बियाणं पेरणीजोगं. थोडे कमी पडले तर एकरी बियाणं वाढवायचं. सोयाबीनचं वाण सरळ असल्याने घरचं बी वापरता येतं, पण त्याचं साल नाजूक, पोती आपटली की उगवण घसरते. दहावी शिकलेली मुलगी ही चाचणी एका बैठकीत शिकते आणि दुकानातल्या पिशवीचे पैसे वाचवते. तिचा शब्द घरात चालू लागतो तो अशा हिशोबामुळे; भाषणांनी हे होत नाही.

अडचण पुढेच येते. माहेरी शिकलेली मुलगी लग्न होऊन परगावी जाते. कसब बरोबर नेते, एकर मात्र मागे राहतो. सासरी पुन्हा पहिल्यापासून मागणी. त्यातच शेतीच्या बहुतेक योजनांना सातबारा लागतो आणि त्यावर तिचं नाव नसतं. म्हणजे जिने गांडूळखताचा बेड भरायचा, तिला अनुदानाचा अर्ज नवऱ्याच्या नावाने करावा लागतो. हे मला फार खटकतं.

पतीने अर्ज दिला तर पत्नीचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावायची तरतूद ‘लक्ष्मी मुक्ती’ योजनेत आहे. किती घरांना ती ठाऊक आहे? शेतीचं प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेने एक दिवस नवऱ्यांनाही बोलवावं, तलाठ्यालाही बोलवावं आणि हे अर्ज तिथेच भरून घ्यावेत.