पेपर लिहिण्याआधी स्वतःचं नाव ठरवा

माझ्या पहिल्या पेपरवर माझं नाव उलटं छापलं आहे. आडनावाच्या जागी नाव आणि नावाच्या जागी आडनाव. चूक माझीच. जर्नलच्या फॉर्ममध्ये 'फर्स्ट नेम' असा रकाना होता. दहावीच्या मार्कशीटवर आपलं आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. मला वाटलं, जे पहिलं येतं ते फर्स्ट. भरून टाकलं.

ही चूक प्रूफ आल्यावर सापडायला हवी होती. प्रूफ आलंही होतं, ४८ तासांत तपासून पाठवा म्हणून. पण आलं कुठे, तर बी.एस्सी.च्या ॲडमिशनवेळी नेट कॅफेवाल्यानं काढून दिलेल्या ई-मेलवर. तो ई-मेल जुन्या फोनमध्ये उघडलेला असायचा. मधल्या काळात फोन बदलला, पासवर्ड कुणालाच आठवेना. मला कळलं तेव्हा पेपर छापून झाला होता. दुरुस्तीसाठी तीनदा लिहिलं, उत्तर नाही.

म्हणून वर्धेच्या लायब्ररीत एखादा ज्युनिअर मला विचारतो की ताई, रिसर्चसाठी लिंक्डइनवर जाऊ की रिसर्चगेटवर, तेव्हा मी आधी त्याला विचारते, तू तुझं नाव कसं लिहितोस? तो म्हणतो, "म्हणजे? जसं आहे तसं." तिथंच तर गोम आहे.

संशोधनाच्या डेटाबेसमध्ये बहुतेक वेळा माणूस 'आडनाव आणि आद्याक्षरं' एवढाच उरतो. आता आपल्याकडची आडनावं बघा. पाटील, देशमुख, राऊत शोधायला गेलात तर गावंच्या गावं सापडतील. वानखेडे आणि वानखडे ही दोन वेगळी कुटुंबं असू शकतात किंवा एकाच माणसाची दोन प्रमाणपत्रंही. चौधरीचं इंग्रजी स्पेलिंग कुणी 'ए-यू'नं करतं, कुणी 'ओ-डब्ल्यू'नं. आपल्याला ते एकच नाव दिसतं. मशीनला ती दोन माणसं दिसतात.

वडिलांच्या नावाचं आद्याक्षर किती कामाचं असतं, त्याचं एक उदाहरण नारळीकरांच्या घरातच आहे. विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, विषय सापेक्षता. मुलगा जयंत विष्णु नारळीकर, त्यांचंही काम गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनेवर. आडनाव एक, क्षेत्र जवळपास एक. तरी व्ही. व्ही. आणि जे. व्ही. ही आद्याक्षरं दोघांनी नीट वापरली म्हणून कोणता पेपर कुणाचा हे शोधता येतं. तुम्ही एका पेपरवर मधलं अक्षर लिहिलं आणि दुसऱ्यावर गाळलं, तर ही सोय तुम्हीच घालवली.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, तेव्हा त्या कमला भागवत होत्या. १९४७ साली लग्न झालं, आडनाव बदललं. वनस्पतींमधल्या सायटोक्रोमवरचं काम 'भागवत' या नावाखाली शोधावं लागतं आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर केलेलं काम 'सोहोनी' या नावाखाली. वर्धेत हे सांगायचं कारण म्हणजे नीरा आणि ताडगूळ हा आपल्याच मगनवाडीचा विषय. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम तिथूनच चालायचं. उद्या कुणी नीरेवर संशोधन करायला घेतलं आणि 'सोहोनी' शोधलं, तर नीरा मिळेल, पण हीच बाई केंब्रिजमध्ये काय करत होती ते समोर येणार नाही. त्यांच्या वेळी त्याला इलाज नव्हता. आता आहे.

तो इलाज म्हणजे ऑर्किड. २०१२ साली सुरू झालेली ही मोफत सोय आहे. तुम्हाला १६ अंकांचा एक क्रमांक मिळतो, आधारसारखा, पण संशोधकाचा. नाव बदललं, कॉलेज बदललं, देश बदलला तरी क्रमांक तोच. शेवटचा अंक तपासणीचा असतो, त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर सिस्टिमला कळतं. कधी कधी तिथे अंकाऐवजी 'एक्स' येतो, घाबरू नका. (ऑर्किडनं नमुना म्हणून जे खातं दाखवलं आहे ते जोशाया कारबेरी नावाच्या प्राध्यापकाचं. हा माणूस अस्तित्वातच नाही. ब्राउन विद्यापीठात १९२९ पासून चालत आलेली ती थट्टा आहे आणि त्याचा विषय म्हणजे तडा गेलेल्या मडक्यांचं मानसशास्त्र.)

खातं काढताना नाव पासपोर्टवर आहे तसं भरा. पासपोर्ट नसेल तर पासपोर्ट काढताना जे स्पेलिंग द्याल तेच आज ठरवा, कारण उद्या परदेशी कॉन्फरन्सला गेलात तर व्हिसा आणि पेपर दोन्हींवर एकच नाव लागेल. 'ऑल्सो नोन अ‍ॅज' असा एक रकाना आहे. त्यात जुनं आडनाव, दुसरं स्पेलिंग, देवनागरीतलं नाव, सगळं टाका. माझं उलटं नावही मी तिथेच टाकलं आहे. ई-मेल मात्र दोन द्या, एक संस्थेचा आणि एक स्वतःचा. संस्थेचा पत्ता पीएच.डी. संपली की बंद होऊ शकतो. स्वतःच्या ई-मेलचा पासवर्ड, कृपा करून, स्वतःकडे ठेवा.

त्यानंतर गूगल स्कॉलर. प्रोफाइल काढताना तो तुमच्या नावाचे पेपर पुढे ठेवतो आणि आपण हौसेनं सगळ्यांवर टिचकी मारतो. मीही मारली. मी कपाशीच्या मुळांजवळच्या जिवाणूंवर काम करते आणि माझ्या प्रोफाइलवर दातांच्या कवळीवरचे चार पेपर येऊन बसले. प्रगती अहवालाच्या दिवशी ते गाइडना दिसले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "हे केव्हा करून राहिली तू?" खोटं काही नव्हतं, पण तेवढ्यापुरतं खोटंच दिसत होतं. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन 'आपोआप जोडू नका, आधी मला विचारा' हा पर्याय निवडा. आणि संस्थेचा ई-मेल पडताळून घ्या, त्याशिवाय स्कॉलरच्या शोधात तुमचं प्रोफाइल दिसत नाही.

रिसर्चगेट उपयोगाचं आहे, विशेषतः एखादा पेपर लेखकाकडून मागून घ्यायला. नम्रपणे दोन ओळी लिहिल्या तर बरेच जण पाठवतात. पण प्रकाशकाची छापील पीडीएफ तिथे चढवण्याआधी त्याचे नियम वाचा. याच मुद्द्यावर २०१७ साली मोठ्या प्रकाशकांनी रिसर्चगेटला कोर्टात खेचलं होतं. लिंक्डइन, एक्स वगैरे सुरुवातीला नसलं तरी चालतं. काढलंत तर नाव तेच ठेवा, 'कूल_वर्धेकर' नको.

खरा धोका आपल्या रोजच्या व्हॉट्सअॅपवर आहे. 'सात दिवसांत प्रकाशन, केअर लिस्टेड' असे मेसेज अजूनही फिरतात. यूजीसीनं ती केअर यादीच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आज कुणी तसं सांगत असेल तर तिथेच थांबा. त्या जर्नलमधले मागच्या वर्षीचे दोन-तीन पेपर उघडून वाचा, संपादक मंडळातल्या एखाद्याच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का बघा, मग गाइडना विचारा. पैसे सगळ्यात शेवटी. फसव्या जर्नलमध्ये गेलेला पेपर सहजासहजी मागे घेता येत नाही आणि तो तुमच्या नावावर राहतो.

डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. आधारवर कुठलं आडनाव ठेवायचं यावर घरात अजून चर्चा चालू आहे. पेपरपुरतं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या पेपरचं प्रूफ परवा रात्री आलं, स्वतःच्याच ई-मेलवर. आलेख नंतर तपासले, आधी नाव बघितलं.