मांदूतला पाण्याचा हिशेब

पहिल्यांदा घरी मांदू केले तेव्हा पंचवीसपैकी अकरा तव्यावरच फुटले. आधी पारीला दोष दिला, मग गॅसला, शेवटी तवाही बदलून पाहिला. चूक सारणात होती. किमची मी नुसती चिरून घातली होती, पिळलीच नव्हती. तेव्हापासून या पदार्थाकडे मी पाण्याचा हिशेब म्हणूनच बघतो.

'मांदू' म्हणजे कोरियातले मोमो, असं सांगितलं की ओळख पटते, पण अर्धीच. हाच शब्द चिनी चित्रलिपीत लिहिला की 'मान्थोउ' वाचला जातो, आणि चीनमध्ये बहुतेक ठिकाणी आज त्याचा अर्थ बिनसारणाचा वाफवलेला पाव. कोरियात मात्र सारण हाच त्याचा जीव. उत्तरेकडे सोल्लालला, म्हणजे चांद्र नववर्षाला, मांदू घातलेलं सूप करायची चाल. दक्षिणेत त्या दिवशी तांदळाच्या त्तोकच्या चकत्यांचं सूप. आता अनेक घरांत दोन्ही एकाच वाडग्यात येतात. शिजवायच्या पद्धतीवरून नावं पडतात: वाफवले तर च्चिनमांदू, उकडले तर मुलमांदू, तव्यावर खरपूस केले तर गुनमांदू. आपण शेवटच्या वाटेनं जाऊ, आणि सारणात किमचीशेजारी पनीर बसवू.

किमची आंबट, मुरलेलीच हवी. ताजी किमची सारणात कच्च्या कोबीसारखी लागते. पाव किलो बारीक चिरा, पंचात बांधा आणि चक्का बांधताना पिळतो त्याहून जोरानं पिळा. निघालेलं लाल पाणी वाटीत जपून ठेवा. घरात कोणी शाकाहारी असेल तर बाटलीवरचे घटक आधी वाचा, कारण पारंपरिक किमचीत खारवलेली मासळी असते, बहुधा आपल्या जवळ्याच्या गोतातली इवली कोळंबी.

२०० ग्रॅम टोफू फडक्यात गुंडाळून वीस मिनिटं वरवंट्याखाली ठेवा आणि मग कुस्करा. सोबत १०० ग्रॅम पनीर. नुसतं पनीर घातलं तर सारण कोरडं, भुसभुशीत होतं. नुसता टोफू घातला तर शाकाहारी सारणाला स्निग्धपणा उरत नाही. एरवी तो डुकराच्या खिम्यातल्या चरबीतून येतो. दोन्ही मिळून ती जागा बऱ्यापैकी भरून काढतात.

तिसरा गडी दांगम्योन, म्हणजे रताळ्याच्या स्टार्चचे काचेसारखे नूडल्स. ५० ग्रॅम पुरे. किंचित कच्चे ठेवून उकडायचे, निथळायचे आणि बारीक चिरायचे. पोट भरायला ते नसतातच, आत सुटणारा रस पिऊन घ्यायला असतात. कोरियात मुगाचे लांब, पांढरे मोडही घालतात. उसळीचे आखूड मोड मी घालत नाही, त्यांचे दाणे सारणात पिठूळ लागतात.

आता पातीचा कांदा (हिवाळ्यात मिळाली तर लसणाची ओली पात उत्तम), लसूण, आलं, मिरपूड आणि चमचाभर तिळाचं तेल. कोरियन तेल भाजलेल्या तिळांचं असतं, त्याचा वासच निराळा. आपलं घाण्याचं तेल ते काम करत नाही. त्यापेक्षा दोन चमचे तीळ खमंग भाजून कुटून घाला. गरम मसाल्याचा मोह आवरा, त्यापुढे किमची गप्प बसते. सोया सॉस आणि मीठ अगदी शेवटी, भरायला बसताना घालायचं. आधी घालून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी दिसतं. मूठभर सारण दाबून पाहा: गोळा व्हायला हवा, बोटांतून काही गळता कामा नये.

पारीसाठी २५० ग्रॅम मैदा, चिमूट मीठ आणि साधारण १४५ मिलिलिटर कढत पाणी. याला कोरियन स्वयंपाकात इकबानजुक म्हणतात. ज्यांनी मोदकाची उकड काढली आहे त्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. कढत पाण्यानं मैद्यातला स्टार्च फुगतो, ग्लुटेनचा ताण कमी होतो आणि लाटलेली पारी मागे आखडत नाही. उकडून सूपमध्ये टाकायचे असतील तर मात्र गार पाण्यानं भिजवा. ती पारी चिवट होते आणि उकळत्या पाण्यात टिकते. कणीक झाकून अर्धा तास ठेवा, तीस गोळ्या करा. कडा पातळ, मध्य किंचित जाड, व्यास नऊ सेंटिमीटरच्या आसपास.

मध्ये चमचाभर सारण ठेवायचं आणि करंजीसारखी पारी दुमडायची. घरच्या ताज्या पारीला कडेला पाणी लावायची गरज बहुधा पडत नाही. विकतच्या, पिठी लावलेल्या पारीला लागते. चिकटवण्यापूर्वी सारणाच्या बाजूनं बोट फिरवत हवा बाहेर काढा. अडकलेली हवा तापली की फुगते आणि पारी उसवते. मुरड घालायची नाही, कातण्याचंही काम नाही. अर्धचंद्राची दोन टोकं जवळ आणून पाण्याच्या थेंबानं चिकटवली की गोल टोपीसारखा मांदू बसतो. तव्यावर भाजायचा असेल तर टोकं न जोडता अर्धचंद्रच ठेवा, त्याची सपाट बाजू तव्याला नीट टेकते.

पसरट तव्यात दोन चमचे तेल, मध्यम आच. मांदू मांडा, तळ सोनेरी होऊ द्या, मग कडेनं अर्धी वाटी पाणी ओतून लगेच घट्ट झाकण. सहा मिनिटं. तव्यात पाणी आहे तोवर तळाचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, म्हणून पारी वाफेवर शिजते पण करपत नाही. झाकण काढल्यावर कान द्या. आधी बुडबुड्यांचा जाड आवाज असतो. पाणी संपलं की तो बारीक, तडतडणारा होतो. तिथून दीड-दोन मिनिटांत तळ पुन्हा खरपूस होतो. घड्याळापेक्षा हा आवाज भरवशाचा. सोबत दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर आणि भरड कुटलेली ब्याडगी मिरची.

उरलेले कच्चेच, एकमेकांना न चिकटवता ताटात गोठवा, मग पिशवीत भरा. करताना बर्फ वितळू देऊ नका. वितळलेलं पाणी पारीतच मुरतं आणि ती तव्यालाच राहते. फ्रीजरमधून थेट तव्यावर टाका, पाणी थोडं वाढवा आणि झाकण आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा.

आणि ते वाटीतलं लाल पाणी? कोरियात ते मैद्याच्या पिठात किमचीबरोबर कालवून किमचीजन करतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या पिठात घालतो. धिरडी लाल, आंबट निघतात, आणि त्या पिठात वेगळं मीठ घालावं लागत नाही.