वीज परतली, पण टीव्ही लागेना : आधी काय तपासावे, कोठे थांबावे

सुरतेचा कतारगाम हा भाग हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. येथे वस्ती आणि उद्योग एकमेकांना खेटून उभे आहेत. अशा भागात खंडित झालेली वीज परत येते, तेव्हा घरांतील पंखे, फ्रिज व पाण्याचे पंप आणि कारखान्यांतील मोटारी एकाच वेळी सुरू होऊ पाहतात. साधी विद्युत मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. त्यामुळे व्होल्टेज काही क्षण खाली जाते आणि मग सावरते. गोव्यात कारण वेगळे असते. पावसाळी वाऱ्यात झाडाची फांदी किंवा माडाची झावळी तारांवर पडते आणि वीज येते-जाते, येते-जाते. घरातील अनुभव मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. दिवे लागतात, पंखा फिरू लागतो, पण टीव्ही काही केल्या लागत नाही.

अशा वेळी संच जळाला असे समजून तो थेट दुरुस्तीला नेण्याची घाई होते. प्रत्यक्षात यातील कित्येक संच बिघडलेले नसतात, केवळ अडकून पडलेले असतात. मात्र काही वेळा दोष खरोखर गंभीर असतो आणि त्यात हात घालणे जिवावर बेतू शकते. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले, तर पैसा वाचतो आणि धोकाही टळतो.

टीव्ही खरे तर कधीच बंद नसतो

रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपेत असतो, पूर्ण बंद नव्हे. रिमोटचा संकेत ओळखण्यासाठी त्याचा एक छोटा भाग अहोरात्र जागा असतो. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेचे आत सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर होते. हा प्रवाह कपॅसिटर नावाच्या भागात साठतो आणि तेथून लहान व्होल्टेजमध्ये वाटला जातो.

वीज परतताना व्होल्टेज वर-खाली झाले, तर या व्यवस्थेतील संरक्षक परिपथ संच अडकवून ठेवतो. आतला साठा पूर्ण ओसरेपर्यंत तो कुलूप काढत नाही. दुसरी शक्यता जुन्या संचात अधिक आढळते. वर्षानुवर्षे तापत राहिल्याने कपॅसिटर आतून सुकत जातो. चालू असेपर्यंत तो कसाबसा तग धरतो, परंतु एकदा थंड झाल्यावर पुन्हा सुरू होण्याचा ताण त्याला पेलत नाही. म्हणून ‘वीज जाईपर्यंत टीव्ही उत्तम चालत होता’ ही तक्रार अगदी खरी असते. वीज जाणे हे केवळ निमित्त ठरते.

घरच्या घरी करावयाची तपासणी

प्रथम टीव्हीच्या सॉकेटमध्ये वीज आहे का, ते पाहावे. त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर किंवा टेबलावरचा दिवा लावावा. तो लागला नाही, तर दोष सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड किंवा खाली पडलेला एमसीबी यांपैकी एकाचा आहे. एमसीबी एकदा वर करून पाहावा. तो पुन्हा पडला, तर बळजबरीने वर करू नये, वायरमनला बोलवावे. स्टॅबिलायझर असल्यास तो वीज परतल्यावर काही वेळ थांबून मगच पुरवठा सोडतो, हेही ध्यानात ठेवावे.

सॉकेट ठीक असेल, तर टीव्हीचा प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. सेट टॉप बॉक्स, साउंडबार, पेन ड्राइव्ह व अँटेनाच्या सर्व वायरीही सोडवाव्यात, कारण जोडलेल्या एखाद्या उपकरणातील दोषामुळेही टीव्ही सुरू होत नाही. प्लग बाहेर असतानाच संचावरील चालू-बंद बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पाच ते दहा मिनिटे थांबावे. त्यानंतर एक्स्टेन्शन बोर्ड वगळून प्लग थेट भिंतीतील सॉकेटमध्ये लावावा व संच त्याच्या अंगावरील बटणाने सुरू करावा. अडकलेला संच बहुधा येथेच सुटतो. मग एकेक वायर पुन्हा जोडत जावे. जी जोडताच टीव्ही बंद पडेल, दोष तिकडे आहे.

बटणाने टीव्ही लागतो आणि रिमोटने लागत नाही, असे असल्यास रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून त्याचे बटण दाबावे. कॅमेऱ्यात फिकट जांभळा ठिपका चमकला, तर रिमोट काम करतो आहे. काही फोनचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळतो, म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहावे.

दिव्याची भाषा

एवढे करूनही पडदा काळाच राहिला, तर संचावरील छोट्या दिव्याकडे पाहावे. दिवा मुळीच लागत नसेल, तर आतील वीजपुरवठ्याच्या भागात दोष असण्याची शक्यता अधिक. दिवा ठरावीक संख्येने लुकलुकत असेल, तर तो दोषाचा संकेत असतो. किती वेळा लुकलुकतो हे मोजून कारागिराला सांगावे. आवाज येतो पण चित्र नाही, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसट चित्र हलताना दिसले, तर पडद्यामागील प्रकाशपट्ट्या निकामी झाल्या आहेत, पडदा शाबूत आहे. काही वेळा मात्र संच नीट असतो, केवळ वीज परतताना त्याचा इनपुट बदललेला असतो. रिमोटवरील इनपुटचे बटण दाबून तेही पडताळावे.

येथे हात थांबलाच पाहिजे

टीव्हीचे मागचे झाकण घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार काही काळ उरतो. फ्यूज उडाला असेल, तर त्याजागी जाड तार बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण. जळका वास, धूर किंवा तडतड जाणवल्यास संच पुन्हा लावून पाहू नये.

इमारतीत तीन फेजची जोडणी असते आणि न्यूट्रलची तार सैल झाली किंवा तुटली, तर काही घरांत व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकते, तर काही घरांत ते कोसळते. एका घरातील दिवे अकस्मात प्रखर आणि शेजारचे मंद झाले, तर हीच शंका घ्यावी. तत्काळ मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना सांगावे आणि वीज तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. या अवस्थेत टीव्ही तपासत बसल्यास फ्रिजसह घरातील इतर उपकरणेही जातील.

पुराच्या पाण्याचा नियम आणखी कडक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. नदीकाठच्या कतारगामसारख्या वस्तीला हा धोका नवा नाही आणि गोव्यातील नदीकाठच्या गावांनाही तो परका नाही. पाणी शिरलेला संच वरून कोरडा दिसला, तरी आतील गाळ व ओल वीज वाहून नेते. जाणकाराने उघडून, स्वच्छ करून, तपासल्याशिवाय असा संच सॉकेटला लावू नये. घरातील वायरिंगलाही हेच लागू आहे.

दुरुस्तीला देताना

‘पॅनेल गेले’ असे सांगितले गेले, तर ते कसे तपासले हे विचारावे. वीजपुरवठ्याचा सुटा बोर्ड बदलणे पॅनेल बदलण्यापेक्षा सहसा बरेच स्वस्त पडते. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि बिल जपून ठेवावे. हमीच्या काळात संच बाहेर उघडू देऊ नये. वीज पडून किंवा व्होल्टेज वाढून झालेली हानी अनेकदा हमीतून वगळलेली असते, म्हणून तिच्या अटी वाचाव्यात. सेवेविषयी वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पुढच्या वेळी हा प्रसंग टाळण्याची सवय मात्र अगदी साधी आहे. वीज जाताच टीव्हीचा प्लग काढावा आणि ती परतल्यावर पाच-दहा मिनिटे स्थिर राहिली की मगच लावावा. विजा चमकत असतील, तर वादळ जवळ येण्यापूर्वीच प्लगबरोबर अँटेनाची वायरही सोडवावी. सर्ज प्रोटेक्टर उपयोगी आहे, परंतु घराचे अर्थिंग नीट नसेल तर त्याचे संरक्षण अपुरे ठरते आणि वीज थेट पडली तर तोही वाचवू शकत नाही. सॉकेटमधून बाहेर असलेला प्लग हेच सर्वांत खात्रीचे आणि बिनखर्चाचे संरक्षण आहे.